गोविंदा सरांच्या चारशे बाया

आमच्या गोविंदा सरांना चारशे बाया आहेत. दचकू नका, माणूस सज्जन आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. या चारशेही बाया कागदावरच्या. गोविंदा सरांनी त्या कॉम्प्युटरवर जन्माला घातल्या, माणिकरावांनी त्या आपल्या नावावर केल्या आणि मी त्या काळ्या रेक्झिनमध्ये बांधून वर सोनेरी अक्षरं छापली. जळगाव जामोदला बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे, लोक मला अविनाशभाऊ म्हणतात. शोधप्रबंध न वाचता बांधायचा हा आमच्या धंद्याचा नियम. माझा अनुभव असा, की तो तपासणाऱ्यांचाही नियम हाच आहे.

गोविंदा सर संख्याशास्त्रात एम.एस्सी. अमरावतीहून शिकून आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे प्रोफेसर होणार. झालेही, पण तासावरचे. तास घेतला तर तुम्ही प्रोफेसर, घंटा वाजली की पुन्हा गावकरी. उन्हाळ्यात कॉलेज बंद, तर सरांची विद्वत्ताही बंद. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण सर अजून तासावरच आहेत. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यांचं सगळं बाइंडिंग माझ्याकडे येतं.

तास संपले की सर माझ्या दुकानात आतल्या बाजूला टेबल टाकून बसतात आणि विद्वानांना डेटा करून देतात. पीएच.डी. करायची तर गावोगाव फिरून माणसांना प्रश्न विचारावे लागतात. गावोगाव फिरायचं म्हणजे ऊन, धूळ, अंगावर येणारी कुत्री, आणि ज्याला विचारायला गेलो तोच आपल्याला विचारतो, "पण यानं आमाले काय भेटंल?" एवढी कटकट डॉक्टर होऊ घातलेल्या माणसानं का सोसावी? त्यापेक्षा निष्कर्ष आधी ठरवायचा, त्याला शोभेल असा गटागटांचा तक्ता करायचा आणि तो गोविंदा सरांच्या टेबलावर ठेवून घरी जेवायला जायचं. आधी कळस मग पाया. सर त्या तक्त्यातून माणसं पाडून देतात.

माणसं कशी पाडतात, ते त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हा माणिकरावांचंच काम चालू होतं. विषय: ग्रामीण स्त्रियांना पाणी भरायला लागणारा वेळ.

"हे पाह्य अविनाश," सर म्हणाले, "गिऱ्हाइकानं काय सांगतलं? शंभरातल्या बावीस बायांले दहा मिनिटांच्या आत पाणी भेटते. अठ्ठेचाळीस जणींले दहा ते वीस मिनिटं लागते. पंचवीस जणींले वीस ते तीस. राह्यल्या पाच, त्याईले तीसच्या वर. आता मशीनले म्हणायचं, एक ते शंभरातला कोणताबी आकडा काढ. बावीसच्या आत आला, तं बाई पहिल्या गटातली. बावीसच्या पुढं अन् सत्तरच्या आत आला, तं दुसऱ्या. मंग अजून एक आकडा काढायचा, ते बाई त्या गटात नेमकी कुठं बसते ते ठरवाले. दोन आकडे काढले की एक बाई तयार."

"अन् तिचं नाव?"

"नाव कशाले लागते? उत्तरदाती क्रमांक एक, दोन, तीन."

चहा यायच्या आत चारशे बाया तयार झाल्या. सर कारागीर माणूस. मध्येमध्ये एखाद्या बाईचं उत्पन्नाचं उत्तर ते कोरं सोडायचे, कारण खरी बाई नवऱ्याची कमाई परक्याला सांगत नाही. एखादीचं वय थोडं कमी लिहायचे. माझ्या बाया खऱ्या बायांपेक्षा समजदार आहेत, असं ते अभिमानानं म्हणत, एकीनंही कधी उलटा प्रश्न केला नाही.

माणिकराव उंद्रीकडचे, घरी भरपूर शेती, कॉलेजात कायमची नोकरी आणि नावापुढं डॉक्टर लागण्याची घाई. पाणीयोजना यशस्वी झाली हा त्यांचा निष्कर्ष विषय मंजूर व्हायच्या आधीच तयार होता. सरासरी निघाली सोळा मिनिटं. माणिकराव डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, लघुप्रबंध करणाऱ्या पोरांचे मार्गदर्शक झाले. मग चर्चासत्रांत भाषणं सुरू झाली. पहिल्या भाषणात ते म्हणाले, मी पाहणी केली. पुढच्या भाषणात ते उन्हातान्हात फिरले. त्याच्याही पुढच्या भाषणात एका म्हातारीनं त्यांना सावलीत बसवून ताक पाजलं. ती म्हातारी गोविंदा सरांनीही पाडलेली नव्हती, ती माणिकरावांची स्वतःची. आणि बाकीचे विद्वान काय कमी? प्रत्येकानं आपापल्या प्रबंधात ती सोळा मिनिटं उतरवून घेतली. ते सगळे प्रबंध मीच बांधले, त्यामुळे मला माहीत.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण गोविंदा सरांना एक खरी मुलगी आहे, प्रतीक्षा. ती समाजकार्याच्या एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला, बापाच्याच कॉलेजात. लघुप्रबंधाला तिला मार्गदर्शक मिळाले माणिकराव. त्यांनी मोठ्या मनानं आपलाच विषय तिला दिला, म्हणाले, माझ्याच कामाचा पुढचा टप्पा कर. बुलढाण्याच्या एका संस्थेनं तिला सांगून ठेवलं होतं, निकाल घेऊन ये आणि कामावर रुजू हो. म्हणजे लघुप्रबंध वेळेवर गेला तर पोरीला नोकरी, नाही गेला तर वर्ष आणि नोकरी दोन्ही गेली.

सर म्हणाले, "तू फक्त तक्ता सांग. चाय होयेपर्यंत करून देतो."

"नाही बाबा. मले खऱ्या बाया पायजे."

"माह्या काय वाईट हायेत?"

"तुमच्या बायांले तहान नाही लागत," प्रतीक्षा म्हणाली आणि स्कूटी काढून निघाली. पोरगी बोलायला आईवर गेलीय.

ती खरोखर फिरली. सोनाळ्याच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याला ज्या लहान लहान वस्त्या आहेत, तिथं. नळ आहेत बहुतेक ठिकाणी, पण त्यांचं पाणी खारं. भांडी घासा, गुरांना पाजा, प्यायला मात्र लांबच्या विहिरीवर जा. पहिल्याच दिवशी तिला जनकाबाई नावाच्या बाई भेटल्या. प्रतीक्षानं विचारलं, पाणी आणायला किती मिनिटं लागतात?

"मिनिटं काय म्हाईत माय," जनकाबाई म्हणाल्या. "अर्धा घंटा धर."

दुसरी म्हणाली, घंटाभर. तिसरी म्हणाली, दीड घंटा, अन् गर्दी असली तं दोन. चौथी पुन्हा अर्धा घंटा. आता बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल, आम्हाला नाही. आमच्याकडे वेळ मिनिटांत कोणी मोजत नाही. बस अर्ध्या घंट्यात येते, नवरदेव अर्ध्या घंट्यात मांडवात येतो, विजेची लाइन गेली की अर्ध्या घंट्यात येते. त्याहून जास्त असेल तर घंटाभर, आणि फारच झालं तर दीड घंटा. सतरा मिनिटं म्हणणारी बाई अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही, आणि सापडली तर ती बँकेत नोकरीला असेल. आणि प्रत्येक बाईनं प्रतीक्षाला दम दिला, माझं नाव लिही. नाव नाही लिहिलं तर मी सांगितलं हे कोणाला समजणार?

प्रतीक्षानं सगळी उत्तरं जशीच्या तशी कॉम्प्युटरवर चढवली, नावं आणि वस्त्यांसकट, आणि माणिकरावांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. तीस, साठ, नव्वद. तीस, तीस, साठ. एकशेवीस. पुन्हा तीस.

"प्रतीक्षा," ते म्हणाले. डॉक्टर झाल्यापासून ते वऱ्हाडी बोलत नाहीत. "हा डेटा तू घरी बसून भरला आहेस."

"नाही सर. मी वस्त्यांवर गेली होती. नावं हायेत पाहा."

"नावं काय, मतदारयादीत लागतील तितकी मिळतात. हे बघ, घरी बसून आकडे टाकणारा माणूस आळशी असतो. तो असे गोल गोल आकडे टाकतो. खरं फील्ड असं नसतं. माझा प्रबंध बघ. सतरा, अकरा, तेवीस, चौदा. याला म्हणतात प्रत्यक्ष पाहणी. आणि तुझी सरासरी माझ्या चौपट कशी येते? एवढ्या वर्षांत विहिरी लांब पळाल्या का?"

चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात? डेटा दुरुस्त करून आणशील तेव्हा सही करीन, असं त्यांनी सांगितलं. प्रबंध जमा करायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय कॉलेज प्रबंधाला हात लावत नाही.

प्रतीक्षा तिथून माझ्या दुकानात आली. ग्रंथालयातून माणिकरावांचा प्रबंध काढून आणला होता. तो तिनं बापासमोर टेबलावर ठेवला आणि मागची सारणी उघडली.

"बाबा, तुमी आकड्यांतले. मले सांगा, ह्या बाया कोणत्या गावात राह्यतात? चारशे बायांत अर्धा घंटा म्हणणारी एकबी काऊन नाही?"

सरांनी पान पाहिलं. मी झेरॉक्सच्या मशीनमागं उगाच कागद लावत बसलो. आपला बाप डेटाचं काम करतो हे तिला ठाऊक होतं, पण कोणाकोणाचं, ते सर घरी कधी बोलत नसत.

"माह्या हायेत," सर म्हणाले.

प्रतीक्षाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही. "म्हणजे मले खोटी कोण म्हणून राह्यलं, बाबा? तुमच्याच बाया?"

सरांनी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "चाल बे अविनाश." इतक्या वर्षांत मी सरांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. शटर अर्धं ओढून मीही निघालो. खरं सांगायचं तर मला गंमत पाहायची होती.

माणिकरावांच्या केबिनमध्ये सरांनी लॅपटॉप उघडला. वाटेत त्यांनी मला सांगितलं होतं, की मशीनचे आकडे काही आभाळातून पडत नाहीत. सुरुवातीला मशीनला एक आकडा द्यावा लागतो, त्याला बी म्हणतात. तेच बी दिलं की शंभर वर्षांनीही तेच आकडे त्याच क्रमानं निघतात. शेतात असं पीक आलं असतं तर आमचा जिल्हा कुठल्या कुठं गेला असता. सर कायम एकच बी द्यायचे, आपल्या तालुक्याचा पिनकोड. त्यांनी माणिकरावांचा जुना तक्ता घातला, पिनकोड दिला, बटण दाबलं.

"सर, तुमचा प्रबंध काढा अन् लावून पाहा."

माणिकरावांनी प्रबंध काढला. उत्तरदाती क्रमांक एक, सतरा. पडद्यावर सतरा. क्रमांक दोन, अकरा. पडद्यावर अकरा. तेवीस, तेवीस. चौदा, चौदा. एक पान झालं, दुसरं झालं. माणिकरावांचं बोट चालतच राहिलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस पाणी मागतो.

त्यांनी चष्मा काढला. "अरे वा," म्हणाले. "म्हणजे संगणकानंही माझेच निष्कर्ष काढले. इतक्या वर्षांनी पडताळणी झाली म्हणायची."

"सर, पडताळणी नाही. ह्या बाया म्या बनवल्या. कोणालेच इचारलं नाही."

"गोविंदा, तू फक्त सांख्यिकी मदत केलीस. फिरलो मी. आणि हा प्रबंध आज किती जणांनी संदर्भाला घेतलाय, कल्पना आहे का? एवढ्या विद्वानांनी मान्य केलेली गोष्ट तू एकटा तासावरचा माणूस येऊन खोटी म्हणणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला, अगदी मायेनं. "पोरगी हुशार आहे. नोकरी ठरलीय म्हणे. तिचा डेटा जरा नीट करून दे. तुझ्या हातात कला आहे. उद्या आण, मी डोळे मिटून सही करतो."

डोळे मिटूनच करणार होते, त्याबद्दल मला शंका नव्हती. सांगतो, मी त्या माणसाकडे निरखून पाहत होतो. तो नाटक करत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की आपण फिरलो. त्या म्हातारीच्या ताकाची चव त्याच्या जिभेवर होती. मला असा संताप आला की काय सांगू, आणि तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला तर मी मुकाट्यानं कप उचलला. गिऱ्हाईक पडलं ना.

दुकानात परत आलो तेव्हा प्रतीक्षा तिथंच स्टुलावर बसली होती. आमचे चेहरे पाहूनच ती समजली. म्हणाली, "करा मंग, बाबा. तुमच्यावानी करा."

हे ऐकून मला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही. सर मात्र एकदम कामाला लागले. घाईघाईनं तिला समजावू लागले, जणू तीच नाही म्हणत होती. "पाह्य, खोटं काही नाही करत. तुहे गट तेच राह्यतील. तीस म्हणणारीले सव्वीस करतो, एकीले चौतीस, एकीले एकतीस. थोडं इकडं, थोडं तिकडं. सरासरी थोडी खाली आणतो, त्याच्या डोळ्याले बरी दिसंल इतकीच. बाई आपल्या गटातच राह्यते. कोणाचं काही बिघडत नाही."

"हाव," प्रतीक्षा म्हणाली.

सरांनी तिची यादी पडद्यावर उघडली. आता यांना क्रमांकांची सवय. इथं समोर नावं. जनकाबाई, तीस. त्यांनी अठ्ठावीस केलं. आशाबाई, साठ. बावन्न केलं. रुक्मिणीबाई, तीस. इथं थोडं थांबले, कारण रुक्मिणीबाई त्यांच्या चुलत चुलती लागतात. तेहतीस केलं. मग पुढच्या नावावर त्यांचा हात थांबला तो थांबलाच. मी वाकून पाहिलं. गीताबाई, नव्वद.

गीताबाई म्हणजे सरांची बायको. सरांचं घर सोनाळ्याजवळच्या याच वस्त्यांपैकी एकीत.

"हे काय हाये?" सरांनी विचारलं.

"आई हाये."

"तुही आई दीड घंटा पाण्याले जाते?"

"दोन खेपा लागते, बाबा. तिनं दीड घंटा सांगतलं. मी तिच्यासंगं गेली होती, लागते त्याहून जास्त. तुमी सकाळच्या बसनं निघता ना. तुमाले रांजण भरलेला दिसते."

इतकी वर्षं याच खुर्चीत बसून सरांनी हजारो माणसं पाडली असतील, शेतकरी, विद्यार्थी, बचतगटाच्या बाया, आणि त्यातल्या कोणाच्या घरी त्यांना कधी जेवायला जायचं नव्हतं. इथं त्यांना त्या बाईच्या हातची भाकर खायची होती. नव्वदच्या जागी त्र्याऐंशी टाकायचे, बस. दोन बटणांचं काम. माझ्या मनात आलं, करून टाका सर, पोरीचं वर्ष वाचवा, तुमच्या एका आकड्यानं काय बुडतंय. मी बोललो नाही, पण वाटलं हे खरं.

"नाही होत माह्यानं," सर म्हणाले. त्यांनी आधीच्या तिघींचे आकडे पुन्हा होते तसे केले. तीस, साठ, तीस. मग मान न वळवता मुलीला म्हणाले, "तुहं साल चाललं जाईन."

"जाऊ द्या," प्रतीक्षा म्हणाली. आणि मग म्हणाली, "नोकरीबी चालली जाईन, बाबा."

"हाव."

लगेच त्यांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला, की अमुक प्रबंधातल्या चारशे स्त्रिया मी संगणकावर तयार केल्या असून त्यांतल्या एकीलाही कोणी काहीही विचारलेलं नाही. मी म्हणालो, सर, तास जातील तुमचे. ते म्हणाले, जातील. मी म्हणालो, चौकशी समिती बसेल आणि तिचे अध्यक्ष माणिकरावच असतील. तर त्यावर ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, मग डेटा मलाच करायला सांगतील. अर्ज कॉलेजच्या खिडकीत देऊन आम्ही तिघंही सोनाळ्याच्या बसमध्ये बसलो. मला जायचं काही कारण नव्हतं, पण गीताबाईंना हे सांगायचं कसं, हे बापलेकीला ठरवता येईना, आणि परका माणूस असला की बाई जरा सबुरीनं घेते.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. गीताबाईंनी रिवाजाप्रमाणे आधी तांब्याभांडं आणून माझ्या हातात पाणी दिलं. गार होतं, गोडं होतं. मी अर्धं प्यायलो आणि उरलेलं टाकून द्यायला वळलो, तशी प्रतीक्षानं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं.

सर बाजेवर टेकले. "पोरीचं साल गेलं," म्हणाले.

"काऊन?"

"तू दीड घंटा सांगतलं म्हणून."

गीताबाईंनी लेकीकडं पाहिलं. "मंग कमी सांगाले पायजे होतं का वं?"

"नाही आई. तू बरोबर सांगतलं."

सर जमिनीकडं पाहत होते. "इतकी वर्षं दीड घंटा लागते तुले," ते म्हणाले, "अन् तू मले एक डाव नाही सांगतलं?"

गीताबाईंनी माझ्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या. उद्या भाजी काय करायची, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "पोरगी आली, तिनं इचारलं, म्या सांगतलं. तुमी कधी इचारलं?"